आबांची रेघ आणि सदूची रेघ

मार्गशीर्ष लागला की ठाण्याच्या बंदरात गवताचे पडाव येऊ लागतात. आमच्या मागच्या ओट्यावरून खाडीचा एक तुकडा दिसतो. सकाळच्या उन्हात त्या तुकड्यातून एखादी गंजीच आपली आपण पाण्यावरून चालली आहे असं वाटतं. खाली होडी आहे हे दिसतच नाही. मग वारा वळतो आणि वास येतो, वाळलेल्या पण थोडं दंव धरून राहिलेल्या गवताचा. तुळशीला घालायचं पाणी तांब्यात तसंच राहतं आणि मी माझ्या धाकट्या भावाच्या, सदूच्या, लग्नाच्या वर्षात जाऊन पोचते.

यंदा त्याला आणखी एक निमित्त झालं. आमच्या घरी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आहेत, म्हणजे माझे यजमान. रोज सकाळी ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. मी ऐकते की नाही याची त्यांना पर्वा नसते. परवा वाचता वाचता म्हणाले, "विलायतेत नवा नियम झालाय. आगबोटीच्या अंगावर भाराची रेघ असते ना, ती कुठे मारायची हे आता सरकार ठरवणार."

"मग इतके दिवस कोण ठरवत होतं?"

"बोटीचा मालक. रेघ मारलीच पाहिजे असा कायदा होता. कुठे मारायची ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर."

मला हसू आलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, "आमच्या सदूसारखंच झालं की." मग त्यांनाही आठवलं आणि ते वर्तमानपत्राची घडी घालून हसत बसले.

माझं माहेर डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीच्या काठावर. तेव्हा डोंबिवलीला आगगाडी थांबत नसे. धूर तेवढा दिसायचा. आम्हाला कल्याणला जायचं तर पायवाट, आणि ठाण्याला जायचं तर पाणी. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक मचवा होता. पावसाळाभर तो काठावर नारळीच्या झापांखाली झाकून ठेवलेला असे. नारळी पौर्णिमा झाली की झापं उतरायची, फळ्यांच्या सांध्यांतून तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचा, आणि मग रंगकाम. खालच्या अंगाला चुन्यात तेल घोटून केलेला पांढरा लेप, कारण पाण्यातला किडा लाकूड पोखरतो. वरच्या अंगाला नुसतं माशाचं तेल. त्या तेलाचा वास नाकात बसला की चार दिवस भाकरीलाही तोच लागे. पांढरं जिथे संपतं आणि काळपट तेलकट लाकूड जिथे सुरू होतं, ती मचव्याची पाण्याची रेघ. भरलेला मचवा तिथपर्यंत बसला पाहिजे आणि तिच्या खाली जाता कामा नये.

लहानपणी ती रेघ आखण्याचं काम आम्हा भावंडांना फार आवडायचं. सुताचा दोरा गेरूत बुडवून एक टोक मी धरायची, दुसरं सदू, आणि आबा मधोमध दोरा बोटाने ओढून सोडत. फळीवर लाल रेघ उमटायची. आबा दरवर्षी ती एकाच जागी आखत, वरून तिसऱ्या फळीच्या सांध्याला लागून. कधी त्यांनी मोजलं असं मला आठवत नाही.

पुढे माझं लग्न होऊन मी ठाण्यात आले. मास्तरांनी मला वाचायला शिकवलं, आणि बोलताना "नाय" म्हटलं की ते मान वर करून बघायचे, त्यामुळे तेही सुटलं. माहेरी गेले की आठ दिवसांत परत जडायचं. आबांच्या डोळ्यांवर पडदा येत गेला आणि मचव्याचं काम सदूकडे आलं. सदू माझ्या पाठचा. उंच, हसरा, आणि एका जागी न बसणारा. त्याने मुंबईच्या मोठमोठ्या इमारतींसाठी घडीव दगड पोचवण्याचं काम धरलं. मुंबईला जाऊन आला की तो आगबोटींबद्दलच बोलायचा.

सदूच्या लग्नाच्या वर्षी मी भाऊबिजेला माहेरी गेले ती लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. धक्क्यावर पाऊल ठेवलं आणि समोर मचवा दिसला, तसं मला काहीतरी वेगळं वाटलं. मग लक्षात आलं. पांढरं वर सरकलं होतं. चांगलं हातभर नाही, पण पंजाएवढं नक्की. आणि त्या नव्या काठावर, मचव्याच्या मधोमध, सदूने एक वर्तुळ काढून त्यातून आडवी रेघ मारली होती.

"सदू, हे काय रे?"

"आगबोटींवर असतं तसं. छान दिसतं की नाय?"

"आणि पांढरं वर कसं गेलं?"

"ताई, हळू बोल. परवाच लावलंय, आबांना अजून ठाऊक नाय."

मग धक्क्यावरच्या पायरीवर बसून त्याने मला समजावलं. त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. पावसाळा संपता संपता खाडीत नदीचं गोडं पाणी असतं, आणि गोड्या पाण्यात मचवा जास्त खाली बसतो. पुढे दिवाळीनंतर समुद्राचं पाणी आत चढतं, खाडी खारी होते, आणि तोच मचवा तेवढ्याच भाराने वर उचलला जातो. आबांनी रेघ धरली ती गोड्या पाण्यातली. मग खाऱ्या पाण्याच्या महिन्यांत तेवढा मचवा रिकामा नेण्यात काय अर्थ आहे?

"आणि लाट?" मी विचारलं.

"दगड काय लाटेला घाबरतो?" तो म्हणाला आणि उठून गेला.

आबांना कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दगड भरताना ते काठी टेकत धक्क्यावर आले. भरून झालं तसे नेहमीप्रमाणे पायरीवर ओणवे झाले आणि मचव्याच्या अंगावरून हात फिरवू लागले. चुन्याचा लेप खरखरीत लागतो, तेलाचं लाकूड गुळगुळीत. त्यांचा हात एका जागी थांबला, खाली गेला, परत वर आला. सदू माझ्याकडे बघत होता. मी खाडीकडे बघत होते.

"चुना वरपर्यंत लावलास," आबा म्हणाले.

"होय आबा."

"का?"

सदूने मला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं, ओला हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "दगडाला चालंल." एवढंच. मचवा गेला, मुंबईला पोचला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. सदूची रेघ बरोबर होती. निदान काही चुकलं नव्हतं.

ह्या दोन्हींत फरक आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि आता कळतं असं म्हणायलाही मी बिचकते. एखादी गोष्ट आपण केली आणि काही बिघडलं नाही, की ती बरोबरच होती असं मानून माणूस निजतो. माझंही बरंचसं आयुष्य असंच गेलं आहे, आणि सुखात गेलं आहे.

त्या कार्तिकात आमच्या घराला वेगळाच रंग चढला होता. नवं भात घरात आलं होतं. सकाळी उठावं तर अंगणात मुसळांचा आवाज, कोंड्याचा वास, आणि आई शेजारणींना हाक मारून सांगते आहे की हे वऱ्हाडाचे तांदूळ आहेत, कणी पडता कामा नये. दुपारी ओटीवर पापड वाळत. मी आणि आई पाटावर समोरासमोर बसून जात्यावर हळद दळत होतो. हळदीने हात, पदर, जात्याचा खुंटा, सगळं पिवळं झालं. आई मधेच जातं थांबवायची आणि म्हणायची, "मुलगी मिठागरावरची हाय. उन्हात वाढलेली. आपल्याकडं सावली फार, तिला करमंल ना गो?" मी म्हणायची, "मला ठाण्याला करमलंच ना." आई म्हणायची, "तुझं काय, तुला मास्तर भेटला." आणि परत जातं सुरू.

मुलगी घोडबंदरच्या पुढच्या एका मिठागराच्या गावची. नाव यमुना. वऱ्हाड खाडीने जायचं हे ठरलेलंच होतं. सकाळच्या ओहोटीला निघायचं, पाण्याच्या ओढीबरोबर ठाणं, कोलशेत करत उतरायचं, तिसऱ्या प्रहरी पोचायचं, आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर मुहूर्त.

निघायच्या दिवशी सगळा गाव धक्क्यावर लोटला. बोलावलेले आले, न बोलावलेले आले, आणि काही जण नुसते बघायला आले ते वाजंत्री ऐकून मचव्यात चढले. बायका, मुलं, रुखवताच्या टोपल्या, नारळांची पोती, ताशेवाले. सदू हळद लागलेला, डोक्याला मुंडावळ्या, हातात सुपारी टोचलेली कट्यार, मधोमध पाटावर बसला होता. मी करवली, म्हणून त्याच्या मागे कलश धरून. जागा एवढी कमी की कलशातलं पाणी कुणाच्या ना कुणाच्या कोपराने माझ्याच अंगावर सांडत होतं.

दोर सोडायचा तेवढ्यात आबा म्हणाले, "थांबा."

ते मचव्याच्या कडेला बसले होते. त्यांनी कडेवरून हात खाली सोडला. तो पाण्यात गेला आणि पाण्याखालची फळी चाचपत राहिला. ताशे वाजत होते. आबांनी हात वर करून ते थांबवले.

"सदू, तुझी रेघ कोरडी हाय," ते म्हणाले. "माझी पाण्याखाली गेली."

"आबा, ह्याच्याहून जास्त दगड नेलाय आपण."

"नेलाय. मी काय बोललो का? दगड बसवला की बसला. तो उठून उभा राहत नाय. पलीकडं काय दिसलं म्हणून एका बाजूला धावत नाय. ही माणसं हायत. कोलशेतच्या पुढं दुपारचा वारा समोरून लागला आणि बायकापोरं एका कडेला झाली, तर तुझी रेघ काय करंल?"

आबा रागावले नव्हते. भाताला मीठ कमी आहे हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं.

मग उतरायचं कोणी, हा प्रश्न आला. बघायला चढलेले सगळे पाण्याकडे बघू लागले. आईने आपल्या भावाकडे, आमच्या मामाकडे पाहिलं. मामा अंगाने चांगले भारदस्त, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या घरची पाचसहा माणसं. मामा म्हणाले, "माझ्याकडं कशाला बघतेस? मी नवऱ्याचा मामा. मीच उतरलो तर बोहल्यावर त्याच्या मागं कोण उभं राहणार? ज्यांना बोलावलं नाय त्यांना उतरवा."

न बोलावलेल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "आम्हांला आबांनी स्वतः बोलावलंय."

आबांनी खरंच बोलावलं असेल. ते कुणालाही बोलावत. इकडे ओहोटी लागली होती. धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडत होत्या. ही ओहोटी चुकली तर पुढची रात्री, आणि एवढी बायकामुलं घेऊन रात्री खाडीत उतरायला कुणी तयार झालं नसतं. मुहूर्त गेला असता. शब्दाला शब्द वाढत चालला. मामीने पदर डोळ्याला लावला.

तेव्हा सदू उठला. मला वाटलं, तो आबांना काही बोलणार. त्याने एकदा सगळ्यांकडे नजर फिरवली, टोपल्यांच्या मध्ये बसलेल्या मुलांकडे जरा जास्त वेळ, आणि कट्यार दातांत धरून, धोतर वर खोचून, मचव्याच्या कडेवरून खाली चिखलात उतरला. गुडघ्यापर्यंत.

"मी मागून येतो," तो म्हणाला. "तुम्ही निघा."

आईने तोंडावर हात ठेवला. "अरे, हळद लागलेला नवरा तू. असा एकटा जाणार? लोक काय म्हणतील?"

"एकटा कुठं? ताई हाय ना." त्याने माझ्याकडे हात केला.

मी काय करणार? कलश आईच्या हातात दिला आणि उतरले. पायाखाली चिखल थंडगार होता. नवरा आणि करवली उतरली म्हटल्यावर सदूचे दोस्त हसत हसत उतरले, मग तो म्हातारा, मग आणखी काही. शेवटी मामा उतरले. चिखलात नाही, फळी लावून घेऊन. धक्क्यावर उभे राहून ते म्हणाले, "मी कल्याणला जातो. आगगाडीनं जाईन. तिच्यात कितीबी माणसं बसली तरी ती बुडत नाय." आणि उपरणं झटकून आपल्या माणसांसह पायवाटेने चालू लागले. आई हाका मारत राहिली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

आबांनी परत हात खाली सोडला. ह्या वेळी थोडाच वेळ. मग मान हलवली, आणि मचव्याचा दोर सुटला.

धक्क्याला एक गवताचा पडाव लागलेला होता, घोडबंदरच्या वाटेने मुंबईला निघालेला. त्याचा तांडेल धर्मा. तो कधीचा मांडी घालून हा सगळा प्रकार बघत होता. सदू त्याच्याकडे गेला. धर्मा म्हणाला, "माझा वर बसणारा माणूस तापानं पडलाय. गवतापल्याडचं मला सुकाणूवरून काय दिसत नाय. नवरा तर नवरा, वर बसून वाट सांग म्हणजे झालं."

अशी आमची वरात निघाली. सदू गंजीच्या माथ्यावर, मुंडावळ्या बांधलेला, आणि शेजारी मी. दोस्त खाली कडेकडेने बिलगलेले. गवत अंगाला टोचत होतं आणि उन्हाने कोमट झालं होतं. इतक्या उंचावरून मी आमची खाडी कधी पाहिली नव्हती. दोन्ही काठांची शेतं कापून मोकळी झालेली, बगळे चिखलात, डावीकडे पारसिकचा डोंगर. सदू मधेच ओरडायचा, "धर्मा, उजवीकडं घे, पुढं खुंट हायत." खालून धर्मा म्हणायचा, "घेतलं नवरदेव."

पुढे आमचा मचवा जात होता. आणि आता, वरून, मला तो अख्खा दिसत होता. आई, शेजारणी, मुलं, ताशेवाले, कडेला आबा. माझं सगळं माहेर त्या एवढ्याशा लाकडात बसलं होतं. पांढऱ्याची एक बारीक पट्टी पाण्यावर दिसत होती, तिच्यावर काळं लाकूड, आणि त्याच्यावर माणसं. ती पट्टी मी पुन्हा पुन्हा बघत होते.

सदूने गवताची एक काडी दातांत धरली होती. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "राग आला का रे?"

"कुणाचा?"

"आबांचा."

त्याने थोडा विचार केला. "चारचौघांत बोलले तेव्हा आला होता. मग मी बघितलं, आपल्या शेजारच्या तुंगीच्या दोन पोरी नारळाच्या पोत्यावर उभ्या राहून पाण्यात वाकल्या होत्या. दगड भरताना मी कधी असं बघितलंच नाय, ताई. दगडात बघायचं काय असतं?"

कोलशेतच्या पुढे खाडी रुंद होते. तिथे आबा म्हणाले तसाच वारा समोरून आला. ओहोटीचं पाणी खाली ओढत होतं आणि वारा त्याला उलटा मारत होता. पाणी असं दोन बाजूंनी पकडलं की उभ्या लाटा उठतात. गवताच्या एवढ्या गंजीला तो वारा परवडणारा नव्हता. धर्माने काठाच्या आडोशाला नांगर टाकला. "वारा पडला की निघू," तो म्हणाला. पण मचवा पुढे निघून गेला होता, मधोमध.

मचव्यातल्यांनी शीड उतरवलं आणि वल्ही घेतली. आम्ही गवतावर उभे राहून बघत होतो. मचवा लाटेवर चढायचा, उतरायचा. उतरला की पांढरं नाहीसं व्हायचं, काळंही नाहीसं व्हायचं, नुसती माणसं पाण्यावर बसल्यासारखी दिसायची. मग परत वर. बायकांचा कल्ला वाऱ्यावरून आमच्यापर्यंत यायचा. एकदा मोठी लाट आली आणि खरंच सगळेजण एका कडेला झाले, मचवा कलला. सदूने माझं मनगट धरलं. त्याच्या हाताची हळद अजून ओली होती, ती घामाने माझ्या बांगड्यांना लागली. पाणी कडेपर्यंत आलं. मला ती कड दिसत होती आणि कडेच्या वरचा आबांचा पांढरा फेटा दिसत होता, न हलणारा. ते हात वर करून काहीतरी सांगत असावेत, कारण माणसं एकेक करून खाली बसली, मध्ये सरकली. मचवा सरळ झाला. पुढच्या लाटेला तो नीट चढला. मग त्याच्या पुढच्या.

वळणापलीकडे तो दिसेनासा झाला तेव्हा सदूने माझं मनगट सोडलं. तो गवतात बसला आणि मुंडावळ्या सारख्या करू लागला. त्या सरळच होत्या.

"पंजाभर पाणी," तो म्हणाला. "तेवढीच तर माझी रेघ वर होती."

वारा पडायला वेळ लागला, तोवर भरती सुरू झाली, आणि धर्माचा पडाव वल्ह्यांच्या जोरावर काठाकाठाने सरकत राहिला. दोस्तांनी वल्ही घेतली. उन्हं उतरली तेव्हा मिठागरं दिसू लागली. पाण्याचे चौकोन लाल झाले होते. गावाबाहेरच्या बांधावर आमचं सगळं वऱ्हाड ताटकळत बसलं होतं, कारण नवरा नसताना वऱ्हाड गावात शिरणार कसं? मुलीकडचे विचारत होते, नवरा कुठं आहे? आणि आमच्याकडचा प्रत्येकजण खाडीकडे बोट दाखवून सांगत होता, मागून गवतातून येतोय.

आणि त्या बांधावर, सगळ्यांच्या पुढे, मुलीकडच्या मंडळींमध्ये, मामा उभे होते. अंघोळ केलेले, गंध लावलेले, पानाने तोंड लाल. ते आगगाडीने ठाण्याला उतरले, शाळेतून आमच्या मास्तरांना बाहेर बोलावून घेतलं, आणि सगळे मिळून दोन छकडे करून घोडबंदरच्या रस्त्याने आमच्या कितीतरी आधी पोचले होते. दुपारचं जेवण झालं होतं. व्याह्यांशी त्यांची अशी गट्टी जमली होती की त्यांनीच पुढे होऊन आमचं स्वागत केलं. "या या," ते सदूला म्हणाले, "फार उशीर केलात." मागे उभे असलेले मास्तर उपरण्यात तोंड लपवून हसत होते.

सदू गंजीवरून घसरत खाली उतरला. यमुनेची आई औक्षणाचं ताट घेऊन आली. तिने त्याला कुंकू लावण्याआधी त्याच्या फेट्यातलं गवत एकेक काडी काढायला सुरुवात केली. काड्या संपेनात. शेवटी तिला हसू फुटलं, मग आईला, मग सगळ्यांना. त्या हसण्यात सकाळचं भांडण कुठे विरून गेलं ते कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मुहूर्त साधला, आणि बोहल्यावर सदूच्या मागे मामाच उभे राहिले.

पुढच्या वर्षी मचवा रंगवताना सदूने पांढरा लेप आबांच्या सांध्यापर्यंतच आणला. पण आपलं वर्तुळही पुसलं नाही. ते वर, आपल्या जागी राहिलं. खालची रेघ माणसांना, वरची दगडाला. आबांनी हाताने दोन्ही चाचपल्या आणि म्हणाले, "असू दे." परवा मास्तर सांगत होते की आगबोटींच्या अंगावरही आता एक नाही, पुष्कळ रेघा असतात: गोड्या पाण्याची वेगळी, खाऱ्या पाण्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. मला ते ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे आमच्या घरात दोघंही आपापल्या परीने शहाणे होते. आणि सरकारने रेघ कुठेही मारली तरी ती तेलाचुन्याचीच असणार. ती कुणाला हात धरून अडवत नाही. कुणीतरी ओणवं होऊन बघावं लागतं, आणि बघितल्यावर कुणालातरी उतरावं लागतं.

पण मला त्या लग्नातलं सगळ्यांत जास्त आठवतं ते परतीचं. अर्ध्या वऱ्हाडाला मामांनी आगगाडीची चटक लावली होती. ते सगळे छकड्यांतून ठाण्याला निघून गेले. मचव्यात आम्ही मोजकीच माणसं. हवा शांत, पाणी भरतीचं, आपोआप घराकडे नेणारं. यमुना आपल्या गावाचा धक्का दिसेनासा होईपर्यंत रडली, मग हुंदके देत राहिली, मग गप्प झाली. नव्या साडीची घडी तिला टोचत होती. मी तिला जवळ घेतलं. थोड्या वेळाने तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं. सदू पुढच्या टोकाला बसून उगीचच दोराची वेटोळी घालत होता आणि दर दोन वेटोळ्यांनी मागे बघत होता.

आबा आमच्या शेजारी होते. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, "मुलगी रडते का गो अजून?"

"नाय आबा. झोपली."

आबा थोडे सुकाणूवाल्याकडे वळले. "मग सावकाश ने," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आपल्याला घाई नाय."